व्हॅनच्या छतावरच्या कुरडया

सोमवारी दुपारी मी क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते, तेव्हा मुलीचा इथल्या बोलीतला, शेवटी 'लाह' लावलेला मेसेज आला. "ममा, आजीने अंकलची व्हॅन मोडली लाह."

माझी आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सत्तरीची बाई व्हॅन कशी मोडेल, हा प्रश्न मी वहीत लिहिला, मीटिंग संपवली आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून चोआ चू कांगला घरी आले.

खाली कारपार्कमध्ये कडेच्या जागेवर अंकलची कॅम्पर व्हॅन उभी होती. अंकल म्हणजे आमच्याच ब्लॉकमधले निवृत्त चिनी गृहस्थ. त्यांनी जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये पलंग आणि कपाटं बसवून घेतली होती, आणि बाजूला हँडल फिरवून उघडायचं कापडी छत, म्हणजे ऑनिंग. त्या छताचं मागचं टोक आता व्हॅनच्या अंगापासून सुटून चार बोटं खाली लोंबत होतं. हिरवळीवर पांढरा चिखल पसरला होता आणि आई तो खरवडून बादलीत भरत होती.

"कुरडया होत्या," ती मान वर न करता म्हणाली.

तिने तीन दिवस गहू भिजवले होते, हे मला माहीत होतं. वाळवायला आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऊन नाही, हेही माहीत होतं. पुढचं मला तिच्याकडून आणि अंकलकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. शनिवारच्या पावसात भिजलेलं छत वाळायला म्हणून अंकलनी ते सकाळी उघडून ठेवलं होतं. आईने वरून पाहिलं. एवढं ताणलेलं कापड, त्यावर लख्ख ऊन. ती प्लास्टिकचा कागद, सोऱ्या आणि चिकाचं पातेलं घेऊन खाली उतरली. अंकलना वाटलं, हिला टेबलक्लॉथ वाळवायचा आहे. त्यांनी अंगठा उंचावून होकार दिला, शिवाय छताची पुढची कड तिच्या छातीपर्यंत खाली करून दिली. आईने कागदाच्या कडा वर वळवून चारही बाजूंनी चिमटे लावले, कुरडया घातल्या आणि जेवायला वर आली. दोनला पाऊस कोसळला. उतारावरून जे पाणी वाहून गेलं असतं, ते त्या कागदात साठलं आणि त्या ओझ्याने छताचं टोक सुटलं.

संध्याकाळी मी माफी मागायला अंकलच्या घरी गेले. ते हसले. "नेव्हर माइंड लाह. जुनं होतं. काढून टाकतो. शनिवारी आता घरीच बसू."

त्यांच्यामागे व्हीलचेअरवर त्यांची बायको बसली होती. तीन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर आंटींची उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. औषधांमुळे डॉक्टरांनी ऊन बंद केलं आहे. त्यांचं माहेर खाडीपलीकडच्या देशातलं, जोहोरचं. सीमेच्या पुलावरच्या रांगेत तासन् तास बसणं त्यांना झेपत नाही, म्हणून दर शनिवारी अंकल त्यांना वुडलँड्सच्या किनाऱ्याला नेतात, छत उघडतात आणि त्या सावलीत बसून आंटी पाण्यापलीकडे बघतात. आठवड्यात त्या घराबाहेर पडतात ते एवढंच. "घरीच बसू" ऐकल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"काढायचं नाही," मी म्हटलं. "शनिवारी सकाळी नऊला तयार असेल."

तोवर मी ते नीट बघितलंही नव्हतं. घरी येऊन गॅरेजांना फोन केले. सर्वांत जवळची तारीख तीन आठवड्यांनंतरची. मग वहीचं नवं पान काढलं.

मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम बघते. थंड हवा नेणारे जड पत्र्याचे डक्ट छताला टांगणं हे आमचं रोजचं काम, त्यामुळे टॉर्च घेऊन मंगळवारी सकाळी शिडीवर चढले तेव्हा दोष लगेच दिसला. छत धरून ठेवणारा मागचा ब्रॅकेट ज्या दोन बोल्टवर होता, त्यांचे नट पत्र्यातच बसवलेले होते. पत्रा फाकला होता आणि नट जागच्या जागी गोल फिरत होते. नवे बोल्ट आरपार घालायचे, आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावायची म्हणजे ओझं मोठ्या जागेवर विभागलं जाईल, आणि बाहेरून फटी बुजवायला सीलंट. सीलंट वाळायला पूर्ण एक दिवस. म्हणजे गुरुवार संध्याकाळ ही शेवटची वेळ. बाकीचा आठवडा मी तिथून उलटा मोजत आले.

बुधवारी हार्डवेअरच्या दुकानातून चौदा वस्तू आणल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी एक बोल्ट लावून पाहिला. आखूड. पत्र्याची जाडी मी मोजली होती, आतल्या प्लायवूडची नाही. "यादी करून गेली होतीस नं?" आईने विचारलं. मी आखूड बोल्ट परत पिशवीत टाकले. गुरुवारी जेवणाची सुट्टी लांब बोल्ट आणण्यात गेली.

गुरुवारी साडेपाचला कामाला लागलो. बाहेर शिडीवरून मी स्क्रू ड्रायव्हर फिरवणार, आत कोणीतरी पान्याने नट धरायचा. अंकलचा हात खांद्याच्या वर जात नाही. मुलगी क्लासला होती. आईने साडीचा पदर खोचला आणि व्हॅनमधल्या पलंगावर चढून कपाटात डोकं घातलं.

"लागला का?" मी ओरडले.

"कुठं लागला, नुसता फिरून राहिला तो!"

"अगं घट्ट धर."

"धरूनच तर आहे. तू हळू फिरव नं. जन्मापासून घाई!"

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. व्हॅनच्या टपावर असा ताशा वाजायला लागला की आईचा आवाज बंद. मी फिरवते आहे आणि आत काय चाललंय ते कळत नाही, जास्त आवळलं तर पत्रा पुन्हा फाटणार. अंकलनी माझ्यावर छत्री धरली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, छत्री माझ्या हातात कोंबली आणि लिफ्टकडे गेले.

आंटींना घेऊनच ते परत आले. रेनकोट घातलेल्या आंटींना त्यांनी उचलून व्हॅनच्या सरकत्या दाराशी सीटवर बसवलं. तिथून त्यांना कपाटातली आई दिसत होती आणि शिडीवरची मीही. अंकलनी त्यांना काहीतरी सांगितलं. आंटींनी डावा हात वर केला. थांब. आईने नट पकडला, हात खाली आला. फिरव. परत वर. आई पान्याची पकड बदलत होती. पहिला बोल्ट असा दहा मिनिटांत बसला, दुसरा पाच मिनिटांत. सात वाजायला थोडा वेळ असताना, पाऊस ओसरल्यावर, जागा पुसून मी सीलंटची शेवटची रेघ ओढली.

"ओके?" आंटींनी विचारलं. तो शब्द काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"ओके," आई कपाटातून म्हणाली.

शनिवारी नऊला आम्हीही त्यांच्याबरोबर वुडलँड्सला गेलो. मी छत उघडलं, त्याच्या दांड्या जमिनीवर टेकवल्या, ब्रॅकेट हाताने ओढून पाहिला. तसूभरही हलला नाही. तरी अंकल आंटींची खुर्ची व्हॅनमधून खाली उतरवेनात. "आज आतच बसू दे," ते म्हणाले. त्यांचे डोळे त्या दोन बोल्टवर होते. मी भार किती, बोल्टची ताकद किती, हे सांगायला लागले. ते मान हलवत राहिले, पण हात खुर्चीच्या हँडलवरून हलेनात. आकडे बरोबर होते, पण खाली बसणार होती ती त्यांची बायको.

आईला इंग्रजी कळत नाही. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, व्हॅनमधलं प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि नेमकं त्या मागच्या टोकाखाली ठेवून त्यावर बसली.

"आधी मी बसते. पडलं तर माझ्यावर पडेल."

ती बसून राहिली. समोर पाणी, पलीकडे जोहोरच्या इमारती. वारा आला, कापड फडफडलं, अंकल एक पाऊल पुढे सरकले. आईने वरही पाहिलं नाही. अर्धा तास मी घड्याळात मोजला. त्यानंतर व्हॅनच्या आतून आंटींनी शेजारच्या सीटवर हात आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग जोरात.

अंकलनी रॅम्प लावला. आईने स्टूल कडेला उन्हात सरकवलं आणि सावलीतली जागा मोकळी करून दिली.