पाच बोटांचं कपाळ

निपाणीहून आलेल्या त्या बाईनं पोहे संपवले, बशी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि उठून सरळ निर्मलाच्या कपाळावर बोटं आडवी ठेवली. भुवईपासून वर, एकावर एक, चार. चौथ्या बोटाच्या वर केस सुरू व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. मग तिनं दुसऱ्या हाताचं एक बोट वर लावलं, तेव्हा कुठे केस लागले.

"पाच भरलं की," ती आपल्या जावेला म्हणाली. "बाईचं चार असावं. पुरुषाचं मोठं कपाळ राज्य करतंय, बाईचं मोठं कपाळ घर फिरवतंय. आनि हितं भुवईवर खड्डा कसला ह्यो?"

"लहानपनी कांजिण्या आल्यात्या," निर्मलाची आई, अव्वा, म्हणाली. चोरी पकडली जावी तसा तिचा आवाज झाला होता.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. निर्मला तेव्हा एकवीस वर्षांची होती.

तिचे अप्पा, शिवय्या, जंगम होते. लिंगायत घरांतली बारशी, वास्तुशांती, मयत, सगळं करायला जायचे. त्यांचं कपाळही असंच होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते तीन बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि पट्टे त्या कपाळावर ऐसपैस बसायचे. पाया पडायला आलेली माणसं म्हणायची, स्वामींच्या कपाळावर तेज हाय. तेच कपाळ लेकीकडे आलं. तेज तेवढं वाटेत कुठेतरी सांडलं.

निपाणीचे पाहुणे गेल्यावर अप्पा म्हणाले, "आपलं कपाळ घरान्याचं हाय, निम्मव्वा. इबूत बसाय जागा लागती की."

ते तिला हसवायला म्हणाले होते. निर्मला हसली नाही. स्वतःला विभूती लावून झाली की बोटांवर उरलेली ते तिच्या कपाळावर ओढायचे, ही लहानपणापासूनची रीत. त्यानंतरही ती रोज मान पुढे करत राहिली. पण गल्लीचं वळण आलं की रुमालानं पुसून टाकायची आणि दोन पिना लावून केस कपाळावर ओढून घ्यायची.

तिचा दाखवायचा फोटो शाहूपुरीतल्या बाळासोंच्या स्टुडिओत काढलेला होता. बाळासोंनी कुणी न सांगताच त्यात तिचे केस बोटभर खाली आणले होते. एक दिवस तो फोटो घेऊन ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, ह्यो फोटो बघून पावणं येत्यात, आनि मला बघून जात्यात. मला शिकवा हे."

बाळासो मोठ्यानं हसले, पण त्यांनी शिकवलं. तिरक्या काचेवर निगेटिव्ह लावायची, मागून उजेड सोडायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. गोरं कपाळ काळं दिसतं आणि काळे केस पांढरे. मुरुम, सुरकुत्या घालवायला टोकदार पेन्सिल. केस आणायला मात्र बारीक पाती. त्या पातीनं कपाळाचा काळा थर केसाएवढ्या रेघांनी खरवडायचा. "पेन्सिल पुसता येती," बाळासो सांगायचे, "पातीचं काम परत येत न्हाय. ध्येनात ठेव."

निर्मलाचा हात बसला. गडहिंग्लजपासून मुलींच्या आया यायच्या आणि आवाज खाली आणून म्हणायच्या, "तेवढं कपाळ..." पुढचं बोलावं लागायचं नाही. कितीतरी पोरींची कपाळं तिनं चार बोटांवर आणली. तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी हळूहळू थांबली. कपाळामुळे, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज उरली नव्हती.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती एकदा डबा घरी विसरली. दुपारी स्टुडिओत हुपरीच्या दोघी बहिणी फोटोसाठी आल्या होत्या, आरशापुढे एकमेकींना पावडर लावत होत्या. दार उघडलं आणि अप्पा आत आले. उन्हानं घामेजलेले, तरी विभूतीचे पट्टे जिथल्या तिथे.

"अगं बाई, कपाळ हाय का परात!" धाकटी कुजबुजली.

"इबूत लावाय गडी ठेवला आसंल," थोरली म्हणाली आणि दोघी तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या. मग थोरलीनं आरशातून एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा निर्मलाकडे. "ताई, तुमच्यातलं हैत काय वो?"

निर्मलाचा हात आपोआप पिनांकडे गेला.

"न्हाय. गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. आणि अप्पांकडे न बघता, रोज दहा जणांना म्हणायची तशी म्हणाली, "बसा पावणं. नंबर लागंल तुमचा."

त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी तो हळूच उपरण्याखाली घेतला.

"बसतो की, ताई," ते म्हणाले.

आणि खरोखरच बाकावर बसले. बहिणींचे फोटो झाल्यावर बाळासोंनी बोलावलं तसे आत गेले, स्टुलावर बसले, हनुवटी वर करा म्हटल्यावर वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला. जाताना त्यांनी निर्मलाला नमस्कार केला. माणूस दुकानदाराला करतो तसा.

ती संध्याकाळी घरी गेली तेव्हा डबा धुऊन फळीवर पालथा घातलेला होता.

ते निर्मलाचे वडील, हे बाळासोंना ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी ते निगेटिव्ह उजेडाला धरून म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं कपाळ बघितलंस काय? मोठा करून शोकेसात लावतो."

शोकेस रस्त्यावर होती. येणारा-जाणारा आधी काचेतल्या कपाळाकडे बघेल आणि मग आत बसलेल्या निर्मलाकडे. दुपारी बाळासो जेवायला गेले तेव्हा तिनं ती निगेटिव्ह काचेवर लावली आणि पाती घेतली. एकेक केस, एकेक केस. विभूतीचे पट्टेही त्या केसांखाली गेले. काम नेहमीसारखं सुबक झालं.

"काय गं हे?" प्रिंट बघून बाळासो म्हणाले. "म्हाताऱ्याचं सगळं तेज गेलं की. काय केलंस?"

"साफ केलो जरा."

"साफच केलास." त्यांनी निगेटिव्ह पाकिटात घातली, पाकीट खोक्यात टाकलं. अप्पा फोटो न्यायला कधीच आले नाहीत.

दोन हजार तीनच्या श्रावणात अप्पा गेले. लिंगायत रीतीनं बसवलेल्या देहाच्या कपाळावर विभूती लावायला माणसांची रांग लागली होती. पाचव्या दिवशी अव्वा म्हणाली, "अकराव्याला फोटो लागंल. ह्यांचा एक बी फोटो न्हाय घरात."

एका लग्नातला होता. त्यात ते पाठमोरे होते. निर्मला स्टुडिओत गेली, खोकी उपसली आणि ती निगेटिव्ह काढून मोठा फोटो करून आणला. अव्वानं तो खिडकीपाशी धरला.

"कुनाचा ह्यो?"

"अप्पांचा."

"न्हाय गं बाई," अव्वा साधेपणानं म्हणाली. "नाक-डोळं ह्यांचं हैत. पर इबूत कुठं लावायची ह्याला?"

त्या दोन रात्री निर्मलाला अप्पांचा चेहरा आठवेना. आठवायला गेलं की पातीनं काढलेले केस दिसायचे. सातव्या दिवशी तिनं पेन्सिलीनं ते केस बुजवायचा प्रयत्न केला. खरवडलेल्या जागी शिसं धरेना. शेवटी ती बाळासोंपुढे जाऊन उभी राहिली. आता ते थकले होते. स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता आणि तो निर्मलाच चालवायची.

"काका, माझा एक फोटो काढा. केस मागं बांधून."

"आनि कशाला गं आता?"

"ह्या फोटोला कपाळ पायजे." तिनं अप्पांचा फोटो पुढे केला. "हे माझं वडील. त्या दिवशी मी त्यास्नी पावणं म्हटलो. आनि निगेटिव्ह बी मीच खरवडलो."

बाळासोंनी फोटो हातात घेतला. तिला वाटलं, ओरडतील.

"साधा चा बी इचारला न्हाय गं मी त्यास्नी," ते म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे वळले.

निर्मला त्याच स्टुलावर बसली. पिना काढल्या, हनुवटी वर केली. दिव्याचा उजेड कपाळावर पडला तेव्हा अंगावरचं लुगडं कुणी ओढावं तसं तिला वाटलं. मग तिनं स्वतःच कॉम्प्युटरवर आपलं कपाळ कापून अप्पांच्या भुवयांवर बसवलं. कडा मिळवल्या, रंग जुळवला. कपाळ असं बसलं जसं ते तिथलंच होतं.

अकराव्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, फोटो पाटावर ठेवला. अव्वानं तीन बोटं विभूतीत बुडवली आणि काचेवर पहिला पट्टा ओढला. दुसरा ओढला. तिसरा ओढताना तिचं बोट डाव्या भुवईवर थांबलं.

तिथे खड्डा होता. कांजिण्यांचा. बारा वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचा ठिपका न् ठिपका हुडकणाऱ्या निर्मलाला स्वतःच्या कपाळावरचा खड्डा दिसला नव्हता. ती त्या कपाळाकडे कधी बघतच नव्हती.

"हे तुझं हाय," अव्वा म्हणाली.

निर्मला भिंतीला टेकली. "अव्वा, त्या दिवशी दुकानात मी अप्पांना—"

"ठाऊक हाय." अव्वानं फोटोवरची नजर काढली नाही. "घरी येऊन हसत हुते. 'लेकीच्या दुकानात गिऱ्हाईक हुतो आज,' म्हनले. 'ताई म्हटलो तिला.' लई हसले. मग तुझा डबा उघडून बसले, आनि एक घास बी खाल्ला न्हाय."

बाहेर कुणीतरी चपला काढत होतं. पहिले पाहुणे आले होते.

अव्वानं तिसरा पट्टा खड्ड्यावरून पुढे नेऊन पुरा केला. बोटांवर थोडी विभूती उरली होती. ती बोटं तशीच धरून तिनं मागे वळून पाहिलं.

निर्मलानं दोन्ही पिना काढून मुठीत घेतल्या आणि पुढे झाली. डोळे तिनं मिटून घेतले होते.