सांग तुनी आईले

सिनेमातल्या बापाने ताट भिंतीवर आपटलं आणि धुळ्याच्या थिएटरात आमच्या ऑफिसची अख्खी रांग हसून हसून लोळायला लागली. विम्याचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून साहेबांनी सगळ्यांना आणलं होतं. एका विस्कटलेल्या घरात वाढणाऱ्या मुलाची गोष्ट होती. आईबाप दिवसभर भांडतात, काका गच्चीवर उभा राहून भाषणं ठोकतो, आजोबांना या वयात लग्न करायचं असतं, आणि तो मुलगा पुस्तक घेऊन जिन्याखाली बसतो. शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि एकत्र जेवतात. मीही हसले. पण खरं सांगायचं तर मला त्या मुलाचा हेवा वाटला. त्याच्या घरात निदान आवाज तरी होता.

आमच्या जळगावच्या घरात ताट कधी आपटलं गेलं नाही. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, एकमेकांशी बोलतच नव्हते. मला कळायला लागलं तेव्हापासून हे असंच. आबा डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते, आई घरी ब्लाउज शिवायची, आणि मी एकुलती एक. म्हणजे घरातलं पोस्ट, तार आणि टेलिफोन सगळं मीच.

जेवताना आबा ताटाकडे बघत म्हणायचे, "सांग तुनी आईले, भाजीमा मीठ कमी शे."

आई हातभर अंतरावर बसलेली असायची. ती तव्याकडे बघत म्हणायची, "सांग आबासले, मीठना डबा समोरच शे."

दोघांनी एकमेकांचं स्वच्छ ऐकलेलं असायचं. तरी मी सांगेपर्यंत डब्याला कोणी हात लावत नसे. मी घास गिळायचे, इकडचं तिकडे सांगायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

निरोप जसाच्या तसा पोचवायला मी काही वेडी नव्हते. आबा म्हणाले, "तिले इचार, अक्कल गहाण ठेवी ऊनी का?" की मी आत जाऊन सांगायचे, "आबा म्हनतस, पाव्हनासना चहा राही गया." दूधवाला दुधात घालतो तसं मी भांडणात पाणी घालायचे, आणि आमचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. मुळात बिनसलं कशावरून, हे मात्र मला कधीच कळलं नाही. आईला विचारलं तर "त्यासले इचार", आबांना विचारलं तर "तिले इचार".

गंमत अशी की बाहेर कोणाला पत्ताच नव्हता. बाईने चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही, काही सांगायचं ते पोरांच्या तोंडून सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. चाळीसगावला एका लग्नात आईने माझ्याकरवी आबांना आहेराचं विचारलं, तर मोठ्या काकूने आपल्या सुनांना बोलावून दाखवलं, "पाहा वं, मर्यादा कशी ठेवस ती. नही तर तुम्ही." आई मान खाली घालून उभी राहिली. आबांनी तर मिशीवरून हात फिरवला. परतीच्या बसमध्ये तिघांच्या सीटवर मी नेहमीप्रमाणे मधे. रिक्षात मधे, फोटोत मधे, झोपायलाही मधेच.

मला स्वतःला मात्र कोणी काही सांगत नसे. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी गुणपत्रिका आबांच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "सांग तुनी आईले, पोर पहिला वर्गमा पास व्हयनी." मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "सांग आबासले, पेढा आना मंग." माझ्याच निकालाचा निरोप मीच इकडून तिकडे नेत होते. पेढे आले, आळीत वाटले. मला शाब्बास म्हणायचं दोघांचंही राहून गेलं. त्या दिवशी मी मोरीचं दार लावून रडले, आणि कोणी "काय झालं" म्हणून विचारलंही नाही, कारण ते विचारायला पाठवायचं कोणाला?

पुढे धुळ्याला नोकरी लागली. देवपुरात एक खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार माझ्याशी बोलणारा कुकर तेवढा, तोही शिट्टीपुरता. शनिवार आला की जळगावची बस धरायची. मी नसले तर ते घर मुकं होईल, दोन माणसं भिंतीकडे बघून जेवतील, ही काळजी माझ्या पोटात कायमची बसली होती. नाशिकचं एक स्थळ मी त्यापायीच नाकारलं. पुण्याला बढतीवर बदली आली, तीही नाकारली. साहेबांना म्हटलं, तिकडची हवा मानवत नाही. आता पुण्याचं पुन्हा विचारलं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. उत्तर ठरलेलंच होतं.

तर त्या शनिवारी मनात आलं, दोघांना हा सिनेमा दाखवावा. दुसऱ्याचं घर बघून तरी काही पाझर फुटेल. आई नवं लुगडं नेसली, आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. जळगावच्या थिएटरात मी मधल्या खुर्चीवर.

"सांग तुनी आईले, एसी शे, कानवर पदर ले."

"सांग आबासले, मी काय म्हातारी व्हयनू नही."

मागच्या रांगेतली पोरं पडद्यापेक्षा आम्हालाच जास्त हसत होती.

मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणायला गेले. रांग लांबली आणि मी परतेपर्यंत अंधार झाला होता. चाचपडत मागच्या बाजूने आले तर माझ्या रिकाम्या खुर्चीवर दोन डोकी वाकलेली दिसली.

"गॅस बंद कया ना तुम्ही?"

"कया ना वं. कितला येळ इचारशी?"

"आनि मांगलं दार?"

"तेबी लावं."

बस, एवढंच. त्यांनी प्रेमाचं काही बोललेलं मला चाललं असतं. पण हे रोजचं होतं, घासूनपुसून वापरातलं बोलणं. मी पॉपकॉर्नचा डबा धरून तशीच उभी राहिले. कोणीतरी "बसा ना ताई" म्हणालं तेव्हा बसले. लगेच डावीकडून आवाज आला, "सांग तुनी आईले, पॉपकॉर्न खारं शे."

मी सांगितलं.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला. आबा बाहेरच्या खोलीत होते. मी ओट्याला टेकून विचारलं, "कव्हयपासून बोलतस तुम्ही?"

तिने पातेल्यातून नजर वर केली नाही. "तू धुळाले गयी तवपासून. घरमा दुसरं कोनी नव्हतं. कोनले सांगू?"

"मंग मना समोर काबर नही?"

"तू इतली लांबथून येस," आई म्हणाली. "आम्ही दोन्हीच बोलत बसनूत तर तुले एकलं वाटी ना."

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. ज्या घराला मी पडकं समजून टेकू देत होते ते माझ्या मागे चांगलं ताठ उभं होतं, आणि मी आले की माझ्यासाठी वाकून दाखवत होतं. आणि राग धरावा तर कोणावर? त्यांनी ते मायेनेच केलं होतं.

बाहेरून आबा म्हणाले, "सांग तुनी आईले, चहामा अद्रक टाक."

आई माझ्याकडे बघत थांबली. हातात अद्रक होतं, तरी थांबली.

"सांग आबासले," मी तिला म्हटलं, "मी पुणाले जाई राहिनू. बदली शे."

आईने गॅस बारीक केला. मग माझ्या देखत, मला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा, तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "आयका ना. पोर पुणाले चालनी."

बाहेर पेपर घडी केल्याचा आवाज झाला. मग आबा म्हणाले, "तिले इचार, परत कव्हय येई?"

आई माझ्याकडे वळली. "आबा इचारी राहिनात, परत कव्हय येशी?"

त्या घरात मला माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता.