माय रोज दुपारी घरी जायला निघते

मित्रहो, आज दुकान अर्ध्यातच बंद केलं. थकलोय.

माझ्या मायला अल्झायमर आहे. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. पण दुपार झाली की माय पिशवी घेऊन दारात उभी. "मले घरी जाऊ दे."

आज तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी चिडलो. "माय, गाव बुडलं नं!" तिनं हंबरडाच फोडला. तिच्यासाठी ती बातमी दरवेळी नवीच असते.

रडणं ऐकून शेजारची सखूमावशी आली, जुन्या गावचीच. "काहून रडवून राहिला रे तिले?" मग मायचा हात धरला. "चाल बाई, घरी जाऊ. पह्यलं घर कोनाचं लागते?"

माय डोळे पुसत सांगू लागली. कुंभाराचं घर, मग चिंच, मग पाटलाची विहीर. दोघी अंगणातच गोल चालत होत्या. मी मध्येच बोललो, "मंग आपलं घर."

माय भडकली. "मधात गणूकाकाचं घर नाही का? इसरला का रे तू?"

खरंच विसरलो होतो.

फिरून आमच्याच दारापाशी आल्यावर "आली बाप्पा!" म्हणून ती ओसरीत बसली आणि तिनं पाणी मागितलं.

मावशी उद्या लेकीकडे चालली, आठवडाभरासाठी. म्हणून घरांची ती रांग मी कागदावर उतरवून घेतली. उद्या दुपारी मायसोबत मलाच चालायचं आहे.

तुमच्या जुन्या गल्लीतली घरं तुम्हाला ओळीनं आठवतात का हो?