सहाला उघडणारं कुलूप

दोंडाईच्यातल्या त्या कन्याशाळेत मुख्याध्यापक तीन बदलले, पण शिपाई सुनंदाबाई एकच. आणि डिसेंबरातल्या ‘शाळेतल्या रात्री’ची किल्लीही तिच्याच कमरेला. दहावीच्या पोरी संध्याकाळी सातला अंथरूण-पांघरूण घेऊन येतात, घरचं माणूस वहीत सही करतं, कुणी मोबाईल आणलाच तर तो कपाटात जातो, आणि आठच्या ठोक्याला फाटकाला आतून कुलूप लागतं. ते उघडायचं थेट सकाळी सहाला. मग मैदानात वांगी भाजायची, भरीत-भाकरी हाणायची, भेंड्या, नाच. झोप सोडून सगळं करायचं. म्हणायला दोन मॅडम असतात. पण पोरी घाबरतात सुनंदाबाईला, आणि रडायलाही तिच्याच कुशीत शिरतात. अकरा वर्षांत तिनं ते कुलूप वेळेआधी एकदाही उघडलं नव्हतं. कलेक्टर आला तरी बाहेर बसेल, असं ती खुशाल सांगायची.

यंदा रूपाला सोडायला तिचा बाप आला, वनाभाऊ. शेतकरी माणूस, बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं. पोरगी हुशार, जूनमध्ये धुळ्याच्या होस्टेलला जायचं तिनं मनात धरलेलं. बापानं अट घातली होती, आधी एक रात्र घराबाहेर राहून दाखव.

“अक्का,” सही करता करता तो म्हणाला, “ती रडनी तं माले फोन करा. मंग धुळ्यानं नाव नही.”

सुनंदाबाईनं शब्द दिला आणि लगेच जीभ चावली. पहिल्या रात्री पोरी रडतातच, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

रात्री एक वाजता रूपा पांघरुणात मुसमुसताना सापडली. आई आठवत होती, दुसरं काही नाही. “बाई, फोन नका करू,” एवढंच म्हणाली. सुनंदाबाईचा जीव तुटला. बापाचा रागही आला, अशी कसली मेली अट! पण तिच्या शब्दावरच तर लोक आपल्या पोरी रात्रभर कुलपात ठेवत होते. तिनं मैदानात येऊन फोन लावला.

घंटी वाजली ती फाटकाबाहेर.

समोरच्या बंद टपरीच्या बाकावरून वनाभाऊ उठून आला. कानटोपी, अंगात एक पातळ स्वेटर, डोळे लाल. आठपासून तो तिथंच होता, गावी गेलाच नव्हता.

“घर झोप नही येती, अक्का,” तो खाली बघत म्हणाला. “रडी रायनी ना? कुलूप उघाडा. लई जास तिले.”

“सहाला न्या,” सुनंदाबाई म्हणाली. किल्ली मुठीत घट्ट होती. पोरीचं धुळं आपण आपल्या हातानं बुडवलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागून रूपा आली. गजांतून हात घालून तिनं बापाचा हात धरला. गारठलेला होता.

“आप्पा, कव्हाना बठेल शेतस?”

कधीपासून बसलाय ते सांगायचं सोडून बापानं कानटोपी खाली ओढली. रूपा आत पळाली, स्वतःचं पांघरूण आणि उरलेली भाकरी-भरीत घेऊन आली, सगळं गजांतून सरकवलं आणि तो खाईस्तोवर समोर उभी राहिली. “मी रडनू, ते खरं शे,” ती म्हणाली. “आते नही रडत. तुम्ही घर जा, आई एकली शे.”

तो काही गेला नाही. लेकीचं फुलाफुलांचं पांघरूण लपेटून बाकावर बसून राहिला. इकडे रूपा सुनंदाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून दहा मिनिटांत झोपली.

सहाला कुलूप उघडलं. सही करून झाली तरी वनाभाऊ वहीपाशीच घुटमळला.

“जूनमा धाडसू,” तो शेवटी म्हणाला. “पन अक्का, तठे रातले रडू उनं तं?”

“ती बघेल तिचं,” सुनंदाबाई म्हणाली. “तुम्हाला आलं तर मला फोन करा. नंबर आलाय रात्री तुमच्याकडे.”

वनाभाऊनं तिथंच उभं राहून तो नंबर सेव्ह केला.