टोचण्याआधीचा ताप

तांडापेठेतल्या रुख्माबाईंना कुणी तारीख विचारली की त्या आधी मागाकडं बघत. कोष्ट्याच्या घरात कॅलेंडर असायचं ते देवाच्या चित्रासाठी. दिवस मोजायचे ते मागावरच्या लुगड्यावरून. म्हणूनच आपल्या मुलाला, केशवला, ताप कधी भरला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी गल्लीत उभ्या सुताचा ताणा ताणला होता. खळ लावलेलं सूत ऊन चढायच्या आत कुंच्यानं सारखं केलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि त्याला घरातला एकूण एक हात लागतो. दहा महिन्यांचा केशव ओट्यावर फडक्यात तापून पडला होता आणि त्याची आई कुंचा ओढत होती.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई त्रिगुणी लस घेऊन आल्या. सुई लागली की ताप उतरतो, अशी सगळ्या गल्लीची खात्री. कुठल्या सुईत काय असतं, हे त्यांना कधी कुणी बसून सांगितलं होतं? नर्सबाईंनी विचारलं, "ताप तर नाही ना याला?" खरं बोललं तर सुई न देताच परत पाठवतील, या भीतीनं रुख्माबाई पटकन म्हणाल्या, "नाही जी." तिसऱ्या दिवशी केशवला झटके आले आणि दुपारच्या आत पोर गेलं. ते १९८१ साल होतं.

महिन्याभरानं एक डॉक्टर गल्लीत आले. लसीमुळं मुलं दगावतात असं त्यांना वाटत होतं. वाटायला हरकत नाही, शंका घेणं हे त्यांचं कामच. पण हे गृहस्थ उत्तर खिशात घालूनच प्रश्न विचारत हिंडत होते. त्यांच्या छापील फॉर्मवर 'लसीनंतर किती दिवसांनी' एवढाच रकाना होता. रुख्माबाईंनी त्यांना ताण्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"ताप मोजला होता का?"

"हाताले लागत होता, साहेब."

"मग तो धरता येत नाही." आणि त्यांनी रकान्याच्या कडेला लिहिलं, आधी प्रकृती उत्तम. उठताना मात्र फार मायेनं म्हणाले, "बाई, तुमचा काही दोष नाही. लसीनंच गेला तो."

त्या दिवशी रुख्माबाईंना महिन्यात पहिल्यांदा दोन घास धड गेले. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. आपण तापल्या पोराला ओट्यावर टाकून सूत सारखं करत होतो, हे जिला रोज आठवतं, तिनं असं वाक्य नाकारावं तरी कसं?

पुढं पेपरात बातमी आली, रुख्माबाईंच्या नावानिशी. नर्सबाई दिसल्या की पोरं घरात ओढली जाऊ लागली. बायका विचारायला येत, तेव्हा रुख्माबाई नुसती होय म्हणून मान हलवत. त्यांची धाकटी जाऊ पुष्पलता तर पोटच्या सहा महिन्यांच्या सिंधूला नर्सबाईंच्या नजरेसही पडू देईना.

मग पलीकडच्या गल्लीत डांग्या खोकला आला. ही लस त्याच खोकल्यासाठी असते, हे नर्सबाई ओरडून ओरडून सांगत होत्या. रुख्माबाई विचारत विचारत डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचल्या.

"साहेब, ते लिहिलेलं बदलवून द्या. पोराले आधीपासूनच ताप होता. मी नर्सबाईले खोटं सांगतलं."

डॉक्टर दचकले नाहीत. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. "बाई, बारा मुलांवर मी निबंध लिहिलाय," ते म्हणाले. "तुमचं मूल काढलं तर बाकीच्यांकडेही लोक संशयानं बघतील. आणि तो परिषदेत वाचूनही झाला. आता घरी जा."

शिकलेल्या माणसाचा इतका संताप मला क्वचित आला असेल. त्या अडाणी बाईला आपली चूक कबूल करायला इतवारीचा अख्खा बाजार ओलांडून चालत यावं लागलं; त्यांना फक्त एक ओळ खोडायची होती.

घरी येऊन रुख्माबाईंनी पुष्पलतेला समोर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. "आजच्या आज पोरीले सुई दे वं. माहा केशव सुईनं नाही गेला."

पुष्पलता त्यांच्याकडं कीव आल्यागत बघत राहिली. "ताई, तुम्हाले नर्सबाईनं धमकावलं काय? काहून असं बोलून राहिल्या? एवढा मोठा डॉक्टर पेपरात खोटं लिहीन काय?"

रुख्माबाईंनी शपथा घातल्या. हातापाया पडल्या. पुष्पलतेनं त्यांना चहा करून दिला आणि जरा पडायला सांगितलं.

पंधरा दिवसांत सिंधूला खोकल्यानं धरलं. खोकता खोकता पोर निळी पडायची, मग लांब हुंदक्यासारखा श्वास ओढायची. मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं ती आठ दिवस होती.

पोरीला मातीत ठेवून माणसं परतली, तेव्हा पुष्पलता सगळ्या बायकांना सारून रुख्माबाईंच्याच गळ्यात पडली. "ताई, तुमचे लय उपकार हायेत," ती रडत म्हणाली. "तुमच्यामुळं मी तिले सुई नाही लावू देली. खोकल्यानं गेली, देवानं नेली. माह्या हातानं तर नाही ना गेली?"

रुख्माबाईंनी तोंड उघडलं. खरं काय ते ओठांवर होतं. पुष्पलता त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "तुह्या हातानं नाही."