बोटीतली रिकामी जागा

कुठलंही चित्र दुरुस्तीला आलं की सुधाताई आधी दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या त्या लहानशा कार्यशाळेत आम्ही दोघीच मराठी, आणि मी नवशिकी. माझा हात पुढे गेला की म्हणायच्या, "आधी नीट बघ गं. नरकात कुणालाच घाई नसते."

नरक खरोखरचाच होता. एका जुन्या इटालियन महाकाव्याचा सचित्र ग्रंथ आमच्याकडे आला होता. लाकडी ठशांवर कोरून छापलेली चित्रं, काळेकभिन्न कडे आणि मृतांना पलीकडे नेणारी बोट. "ही त्यांची वैतरणी," ताई म्हणाल्या. बोटीतल्या एकाला चेहराच नव्हता. तिथे कागद घासून घासून भोक पडलं होतं.

ग्रंथ विकायचा होता आणि त्याच्या मालकीणबाईंच्या मुलाला तो चेहरा पुन्हा काढून हवा होता. कार्यशाळेच्या मालकांनी परस्पर होकार देऊन टाकला. दुसऱ्या प्रतीवरून चेहरा उतरवणं ताईंच्या डाव्या हातचा मळ, पण भोक कुणी पाडलं हे कळल्याशिवाय त्या कुंचला उचलेनात. त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. तो वाढवणं मालकांच्याच हातात होतं.

मुलगा आईला घेऊन आला. ताईंनी हळूच विचारलं. म्हाताऱ्या बाईंनी पर्स घट्ट धरली.

"मीच," त्या म्हणाल्या. "धाकटा भाऊ गेला तेव्हा. तो चेहरा अगदी त्याच्यासारखा होता. ओल्या बोटाने घासत बसले."

मुलाने आईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आल्झो, म्हणजे चेहरा तर हवाच. त्याशिवाय कोण घेणार?"

ताईंनी भोकाला मागून त्याच रंगाचा पातळ कागद लावला आणि कुंचला धुऊन ठेवला. मालक दारातच उभे होते.

मी कुजबुजले, "ताई, चेहरा काढून द्या ना. कराराचं काय?"

"बाईंनी भावाला बोटीतून उतरवलंय. मी परत चढवणार नाही."

करार वाढला नाही. ताई पुण्याला परत गेल्या. स्टेशनवर मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. त्या मात्र माझ्या मफलरची गाठ नीट करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तेच पान माझ्यासमोर ठेवलं. "गेनाऊ, अगदी हाच चेहरा," म्हणत शेजारी दुसरी प्रत उघडली. माझा करारही संपत आला होता. ते उत्तराची वाट बघत होते.

मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले.