१२८० बाय ८००

लिनक्सवाली तीन माणसं एकत्र बसली की काम होवो न होवो, किस्से मात्र होतात. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचे आमचे इतके साठलेत की घरचे आता ऐकूनही घेत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो!

टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले जोगळेकर काका, भुईगावचा सॅव्हिओ आणि मी. दर रविवारी दुपारी तुळिंजला काकांच्या फ्लॅटवर बैठक. सॅव्हिओ लग्नपत्रिका डिझाइन करायचा. त्याने रुंद स्क्रीनचा नवा लॅपटॉप घेतला आणि आम्ही हौसेने त्यावर विंडोजच्या जोडीला लिनक्स चढवलं.

स्क्रीन १२८० बाय ८०० ठिपक्यांचा. लिनक्स १०२४ बाय ७६८च्या पुढे जाईना! तेवढंच चित्र आडवं ताणून दिसायचं. अक्षरं पसरट, गोल काढला तर अंडं. पत्रिकेवरचा गणपती तर बसल्या जागी आणखी बसलेला!

*

दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "विंडोजमध्ये नीट दिसतं ना? मग साहेब, वॉरंटीत लिनक्सचा पेंग्विन येत नाही."

*

मग मी नेटवरच्या एका मेलिंग लिस्टवर नम्र इंग्रजीत लांबलचक प्रश्न पाठवला. नऊ दिवस शुकशुकाट. दहाव्या दिवशी जर्मनीहून कोणाचं तरी उत्तर आलं, 'माझ्याकडे हाच लॅपटॉप आहे. मला काही प्रॉब्लेम नाही.' बस्स, एवढंच!

सॅव्हिओ डोकं धरून बसला. काका म्हणाले, "अभिनंदन कळव रे त्याला. बिचाऱ्याने मुद्दाम लिहिलंय."

*

एकदा मी स्क्रीनच्या सेटिंगची फाइल हाताने बदलली. रीस्टार्ट केला तर स्क्रीन काळाठिक्कर! आत तीन घरांच्या पत्रिका. सॅव्हिओचा चेहरा उतरला.

काका चष्मा शोधत होते. "काय दिसतंय?"

"काही नाही काका. सगळं काळं."

"ते कळलं. पण किती बाय किती?"

कशीबशी जुनी फाइल परत बसवली, तेव्हा सॅव्हिओने श्वास सोडला. काका हसले नाहीत. संध्याकाळी त्याला फोन करून विचारलं, "पत्रिका शाबूत आहेत ना रे?"

*

चार महिन्यांनी उलगडा झाला. स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या व्हिडिओ चिपच्या यादीत आमच्या स्क्रीनचं मापच नव्हतं! लॅपटॉप सुरू होताना चिपला ते माप सांगणारा एक छोटासा प्रोग्राम सापडला. तो टाकला. सॅव्हिओने स्क्रीनवर एक गोल काढला. काकांनी पट्टी लावली. उभा-आडवा सारखा!

"वाटोळं झालं!" काका ओरडले. "वाटोळं झालं रे एकदाचं!"

काकू हातात झारा घेऊन धावत आल्या. "अगं बाई! कोणाचं?"

*

पुढच्या रविवारी सॅव्हिओने मला भुईगावला जेवायला नेलं. त्याची धाकटी बहीण रीटा मस्कतला नर्स. ती मेलवर फोटो पाठवायची आणि आई ते ह्याच लॅपटॉपवर बघायची. सॅव्हिओने ऐटीत फोटो उघडला. "बघ आई, किती साफ दिसतं आता!"

मावशी, म्हणजे त्याची आई, स्क्रीनजवळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरगी कदी वाळली रे एवडी?"

"वाळली नाही गं. फोटो तोच आहे, गेल्या महिन्यातला. आधी स्क्रीनवर ताणून दिसायची. खरी अशीच आहे."

मावशींनी स्क्रीनवरून हात फिरवला. "म्हंजे पोर तिकडं वाळत होती, आनि तू मला चार महिने जाडी दाखवलीस?"

सॅव्हिओ मोबाइल घेऊन अंगणात गेला. आम्हाला आत ऐकू येत होतं.

"रीटा, बाकी सगळं राहू दे. खरं सांग, जेवतेस ना?"